पळणाऱ्या माणसाला बर्फाच्या डोंगरावर नेताना

मॅरेथॉन, अल्ट्रा (मॅरेथॉनहून लांब पळायची शर्यत), ट्रायथलॉन करणारं कोणी "मला एक बर्फाचा डोंगर चढायचाय" म्हणत आलं की बऱ्याच गाईडना वाटतं चला, यावेळी काम सोपं, हा काही दमणार नाही. माझं मत उलटं आहे, याच माणसाला जास्त जपावं लागतं, कारण तो दमत नाही आणि दमलाच तरी सांगत नाही, वर्षानुवर्षं त्रास गिळून पुढे जायचीच सवय लावलेली असते त्याने. त्यात शरद संपतानाचे दिवस, उत्तर गोलार्धात ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, तेव्हा डोंगर धड उन्हाळ्यातला नसतो धड हिवाळ्यातला नसतो, दगडांवर वीतभर नवा बर्फ आणि खाली पोकळी, पाय कुठे जाईल सांगता येत नाही.

निघायच्या आधी नीट बसून बोला. टायमिंग, किलोमीटर ते आपणहून सांगतील, तुम्ही वेगळं विचारा: आजवर किती उंचीवर झोपलाय, तिथे डोकं दुखलं होतं का, थंडीत बोटं पांढरी पडतात का, क्रॅम्पॉन (बर्फात पकड यावी म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे खिळे) घालून कधी उतरलाय का. चढलाय का नाही, उतरलाय का. आणि एक गोष्ट स्पष्ट सांगून टाका की फिटनेसमुळे उंचीचा त्रास टळत नाही, उलट फिट माणूस भराभर वर जातो म्हणून जास्त अडकतो. ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा दिवसाला साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका, आणि दर ३-४ दिवसांनी एक दिवस तिथेच थांबा. त्याला हे फुकट गेलेले दिवस वाटतील, वाटू देत.

बूट तुम्ही स्वतः बघा. ट्रेल रनिंगचे बूट मऊ असतात, त्यावर खरे क्रॅम्पॉन टिकत नाहीत, निसटतात. कडक तळव्याचे बूट घालून आदल्या दिवशी एखाद्या सोप्या उतारावर, जिथे घसरलं तरी खाली सपाट मोकळी जागा आहे, तिथे तास-दोन तास सराव घ्या, पाय थोडे फाकवून चालणं, सगळे खिळे एकदम टेकवणं, घसरल्यावर बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने म्हणजे आईस अ‍ॅक्सने थांबणं. पळणाऱ्यांची पावलं जवळजवळ पडतात आणि क्रॅम्पॉन दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतो, ही सवय एका दिवसात जात नाही पण निदान लक्षात तरी राहते.

आता घाम. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. मी एकदा एका अल्ट्रावाल्या ताईंना घेऊन चाललो होतो, चढावर त्या मस्त लयीत, जॅकेट काढायला सांगितलं तर "ठीक आहे दादा, चालू दे" म्हणाल्या आणि मीही सोडून दिलं, ते चुकलं. धारेवर पोचलो, वारा लागला, पाणी प्यायला थांबलो आणि पाचच मिनिटांत त्यांना सॅकचं बक्कल लावता येईना. अंगठा बक्कलवर ठेवायच्या, दाबायच्या, अंगठा सरकून जायचा, परत ठेवायच्या, आणि तोंडाने "मी ठीक आहे" चालूच. अंगावर चरबी कमी, आतला लेअर ओलाचिंब, चालताना स्नायू गरम ठेवतात ते थांबल्याबरोबर बंद. उणे १० तापमानात ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या कातडीला उणे २१ सारखं लागतं. तेव्हापासून माझा नियम, निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे, दहा मिनिटांनी थांबून एक लेअर काढायचा, आणि कुठेही थांबलं की पाण्याच्या आधी जाड जॅकेट अंगावर. "कसं वाटतंय" विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. बक्कल लावायला सांगा, सरळ रेषेत टाचेला चवडा लावून दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर ती उंचीची गंभीर खूण आहे, बसल्या जागी धाप लागली तरी तसंच, तिथून खालीच जायचं, चर्चा नाही.

चढताना पुढे तुम्ही चाला, त्याला पुढे सोडू नका. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येईल असा वेग. घड्याळातला पेस बंद करायला लावा, बर्फात त्या आकड्याला काही अर्थ नाही.

पाण्याच्या बॅगची नळी गोठते, म्हणून रुंद तोंडाची बाटली घ्या आणि उलटी ठेवा, बर्फ वरच्या बाजूला धरतो त्यामुळे झाकण मोकळं राहतं. खायच्या एनर्जी जेल कडक होतात, आतल्या खिशात ठेवा.

बर्फाचं कोसळणं जास्त करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. सीझनच्या सुरुवातीचा पातळ बर्फ थंड रात्रींमध्ये तळाशी साखरेसारखा सुटा होतो आणि त्यावर नवा थर बसला की तो धरून राहत नाही. फावड्याने खणून बघा, तळाचे दाणे मुठीतून घरंगळत असतील तर तो उतार सोडा. नवा बर्फ पडल्यावर निदान एक-दोन दिवस अशा उतारांपासून लांब राहा. दोघांकडे बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हवंच, आणि त्याला बीकनने शोधता यायला पाहिजे, कारण गाडले गेलात तुम्ही तर शोधणार तोच.

परत फिरायची वेळ आदल्या रात्री ठरवा आणि त्याच्याच तोंडून वदवून घ्या. दिवस लहान, दुपार सरली की अंधार यायला वेळ लागत नाही, आणि रेसवाल्या माणसाला शिखर दिसत असताना मागे वळणं फार जड जातं, तेव्हा त्याने स्वतः म्हटलेली वेळ कामी येते. उतरताना ऊन लागलेला भाग दुपारी परत गोठायला लागतो, पाय थकलेले असतात, इथे तो पळायला बघेल. उतारावर त्याला पुढे ठेवा, तुम्ही वर, गरज वाटली तर दोर आखूड करून.

खाली आल्यावर आधी मोजे काढायला लावून पायाची बोटं बघा. पांढरी, कडक, बधिर असतील तर चोळू नका, शेकोटीजवळ धरू नका. परत गोठायची शक्यता नसेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा, आणि पाणी किती गरम आहे ते थर्मामीटर नसेल तर तुमच्या कोपराने बघा, त्याला विचारू नका, त्याच्या बोटांना त्यावेळी काही कळत नसतं.