दुप्पट वजनाच्या माणसाच्या पकडीतून सुटताना

निःशस्त्र स्वसंरक्षणाविषयी लिहिताना एक गोष्ट आधीच मान्य करावी लागते, ती म्हणजे वजनाला महत्त्व आहे. तंत्र येत असेल तर कितीही धिप्पाड माणूस लोळवता येतो, या आश्वासनावर विसंबून जो प्रसंगाला सामोरा जातो त्याला ते फार महागात पडू शकते. कुस्तीच्या मैदानात जोड ठरवताना वस्ताद दोन्ही मल्लांचे अंगमान आणि तयारी पाहतात. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले तेही ५७ किलोच्या गटात, आपल्याच वजनाच्या मल्लांशी लढून. ज्यूदोमध्ये तर या प्रश्नाची परीक्षा साऱ्या जगासमोर झाली. ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ साली कोदोकान या ज्यूदोच्या शाळेची स्थापना केली तेव्हापासून, समोरच्याच्या बळाला विरोध न करता त्याचा तोल ढळवावा हे या विद्येचे मूळ सूत्र होते आणि कुशल छोटा माणूस मोठ्याला हरवतो ही श्रद्धा त्यातूनच रुजली होती. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये वजनाचे बंधन नसलेल्या गटाच्या अंतिम लढतीत १.९८ मीटर उंचीच्या डच अँटोन गेसिंकने जपानच्या कामिनागा अकिओला जमिनीवर दाबून धरले आणि सुवर्णपदक नेले. कामिनागा कुशल होता, पण गेसिंक कुशलही होता आणि मोठाही होता.

रस्त्यावर अंगावर येणारा माणूस बहुधा गेसिंक नसतो, ही आपली संधी. त्याला तोल सांभाळायचे शिक्षण नसते, पकड कोठे कच्ची असते हे त्याला ठाऊक नसते आणि समोरचा घाबरून नुसती ओढाताण करील असे त्याने गृहीत धरलेले असते. या तीन गोष्टींतून मिळणारा अवकाश एक-दोन सेकंदांचा असतो. तेवढ्यात त्याला हरवणे शक्य नसते, परंतु सुटून धावणे शक्य असते, आणि पुढे सांगितलेली प्रत्येक कृती त्या एकाच हेतूने सांगितली आहे.

पकड बसण्यापूर्वीचा काळ सर्वांत मोलाचा आहे. उंच माणसाचे हात लांब असतात, म्हणून त्याच्यापासून किमान दोन हातांचे अंतर राखावे आणि तो एक पाऊल पुढे आला की आपण एक पाऊल मागे व बाजूला सरकावे. सरळ मागे जात राहिल्यास पाठ भिंतीला लागते, म्हणून बाजूला सरकणे आवश्यक आहे. दोन्ही हात छातीच्या उंचीवर, तळवे बाहेरच्या दिशेला करून धरावेत. पाहणाऱ्याला ही शांत करण्याची मुद्रा दिसते, पण त्याच हातांनी पहिला धक्का अडवता येतो. एक पाय थोडा पुढे, गुडघे किंचित वाकलेले आणि वजन दोन्ही पायांवर, असा पवित्रा असावा. मग पोटातून आवाज काढून "मागे हो!" असे ओरडावे. आसपास लोक असतील तर नुसते "वाचवा" म्हणून भागत नाही, कारण गर्दीतल्या प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी जाईल. "अहो निळ्या शर्टवाले, ११२ ला फोन लावा," असे एका माणसाकडे पाहून सांगितले की तो माणूस हलतो. हल्लेखोराला फोन किंवा पाकीट हवे असेल तर ते एका बाजूला फेकून आपण दुसऱ्या बाजूला धावावे. वस्तू परत घेता येते.

मनगट धरले गेल्यास बहुतेक जण हात आपल्याकडे ओढतात. ही ओढ थेट त्याच्या चार बोटांविरुद्ध जाते आणि चार बोटांची ताकद आपल्या दंडाला पुरून उरते. पकडीची कच्ची जागा अंगठा आणि बोटे जेथे मिळतात तेथे असते. आपले मनगट असे फिरवावे की त्याची पातळ कड त्या फटीसमोर येईल, आणि मग हात मागे न ओढता कोपर त्याच्या कोपराकडे नेत एक पाऊल आत टाकावे. मनगट अंगठ्याच्या बाजूने निसटते. दोन्ही हातांनी आपले एक मनगट धरले असेल तर मोकळा हात त्याच्या दोन हातांमधून घालून आपलीच मूठ धरावी आणि कोपर त्याच्या दिशेने पुढे नेत दोन्ही हात खांद्याकडे उचलावेत. मी स्वतः हे माझ्यापेक्षा ४० किलोंनी जड जोडीदाराबरोबर शिकलो, आणि पहिल्या महिन्यात एकच चूक पुन्हा पुन्हा केली: पकड घट्ट बसेपर्यंत मी थांबत असे. बोटे मिटत असतानाच फिरलेले मनगट सहज सुटते. एकदा तो स्थिर उभा राहून आपल्याला ओढू लागला की काम कितीतरी अवघड होते.

समोरून दोन्ही हातांनी गळा धरून भिंतीला दाबले असेल तर त्याची मनगटे ओढून काढण्यात वेळ घालवू नये. खांदे कानांकडे उचलून हनुवटी खाली दाबावी, एक हात कानाला दंड चिकटेल असा सरळ वर न्यावा आणि सर्व अंग दुसऱ्या बाजूला झटक्याने वळवावे. येथे हाताच्या बळाने काम होत नाही. खांदा आणि पाठ वळताना त्याची दोन्ही मनगटे अंगठ्याच्या बाजूने उखडली जातात. वळून झाल्यावर तो समोर राहत नाही, बाजूला राहतो, आणि धावण्याची वाट मोकळी होते.

मोठ्या माणसाचा सर्वांत धोकादायक हल्ला मात्र मागून होतो. दंडांसकट कव घालून तो आपल्याला उचलू पाहतो, आणि पाय जमिनीवरून सुटले की आपल्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून कव बसताच पहिली कृती खाली बसण्याची असावी. पाय रुंद करून, गुडघे वाकवून, कमरेचा भार एखादे जड पोते खाली टाकावे तसा सोडावा आणि छाती थोडी पुढे झुकवावी. वजन कमी असले तरी खाली गेलेला भार उचलणे अवघड जाते, हे ज्याने झोपलेले मूल उचलले आहे त्याला सांगावे लागणार नाही. तरीही पाय उचलले जाऊ लागले तर एका पायाची आटी त्याच्या पायाला मागून घालावी, म्हणजे उचलताना त्याला स्वतःचाच पाय अडतो. यानंतर त्याच्या हातांची गुंफण शोधावी. मूठ उघडत बसू नये. एकच बोट, शक्यतो करंगळी, पूर्ण मुठीत धरून मागे वळवावी. दंड कितीही जाड असला तरी करंगळीला त्याचा उपयोग होत नाही. पकड सैल होताच कंबर एका बाजूला सरकवून वळावे आणि निघावे. त्याच्या पायाच्या पंजावर टाच हाणणे किंवा कंबर बाजूला घेऊन जांघेत तळहात मारणे ही साहाय्यक कामे आहेत. त्यांनी लक्ष विचलित होते, पण सुटका बोटामुळे आणि खाली गेलेल्या भारामुळे होते.

मागून कोपराच्या बेचक्यात गळा सापडल्यास घाई निराळी असते. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहा-एक सेकंदांत शुद्ध हरपू शकते. म्हणून बाकी सर्व सोडून हनुवटी त्याच्या कोपराच्या बेचक्यात खुपसावी, दोन्ही हातांनी त्याचे मनगट आणि कोपर आपल्या छातीकडे खेचून धरावे आणि भार खाली सोडावा. हवा मिळू लागल्यावर पुढचा विचार करावा.

आता जमिनीविषयी. मोठ्या माणसाशी झोंबताना आपण पडणारच, असे धरून सराव करावा. पडताना हनुवटी छातीला चिकटवलेली असावी, कारण फरशीवर किंवा डांबरी रस्त्यावर डोके आपटणे हे अनेकदा ठोशापेक्षा घातक ठरते. पडल्यावर तो उभा असेल तर आपले पाय त्याच्या दिशेने ठेवून एका कुशीवर राहावे आणि वरच्या पायाने त्याची नडगी व गुडघा लाथाडत राहावे, म्हणजे त्याला जवळ येता येत नाही. उठताना त्याच्याकडे पाठ करू नये आणि पालथे होऊन उठू नये. एक हात मागे टेकून, विरुद्ध पाय जमिनीवर रोवून, दुसरा पाय अंगाखालून मागे न्यावा आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून उभे राहावे. ही एक कृती शंभर वेळा केली तरी कमी आहे, आणि ती घरी सतरंजीवर एकट्यानेही करता येते.

तो पोटावर बसला तर भीती श्वासाची असते. छातीवरचा भार प्रत्येक उच्छ्वासाबरोबर थोडा खाली उतरतो आणि पुढचा श्वास लहान होतो. म्हणून उताणे राहू नये, कुशीवर वळण्याचा प्रयत्न सतत चालू ठेवावा आणि कोपरे बरगड्यांना चिकटवून ठेवावीत. त्याला छातीवरून वर ढकलण्यासाठी हात सरळ केले तर हात थकतात आणि त्याच्या ताब्यातही जातात. कुस्तीत मान आणि टाचांवर पूल करतात तसा टाचा रोवून कंबरेचा जोरदार झटका द्यावा. दुप्पट वजनाचा माणूस या झटक्याने उडून पडत नाही, पण तोल जाऊ नये म्हणून तो हात जमिनीवर टेकतो, आणि आपल्याला तोच क्षण हवा असतो. टेकलेला हात आपल्या दोन्ही हातांनी छातीशी अडकवावा, त्याच बाजूचा त्याचा पाय आपल्या पायाने अडवावा आणि त्याच खांद्यावरून दुसरा झटका द्यावा. टेकायला हात नाही आणि पाय नाही, म्हणून तो त्या बाजूला कलंडतो. कलंडला नाही तर झटक्याने निर्माण झालेल्या फटीत कोपर व गुडघा घुसवून कंबर बाजूला सरकवावी, एक पाय मध्ये आणावा, तळपाय त्याच्या कंबरेवर ठेवून ढकलावे आणि वर सांगितल्याप्रमाणे उठावे. ही दोन तंत्रे आलटून पालटून करावी लागतात, कारण पहिले रोखताना तो दुसऱ्याला वाट देतो.

खाली सापडूनही छोटा माणूस जिंकू शकतो याचा दाखला म्हणून १९९४ साली अमेरिकेतल्या टुल्सात यूएफसी या मुक्त झुंजीच्या स्पर्धेत झालेली रॉइस ग्रेसी आणि डॅन सेव्हर्न यांची लढत सांगितली जाते. सुमारे ८० किलोच्या ग्रेसीने सुमारे ११८ किलोच्या सेव्हर्नला गळ्याभोवती पायांची कैची घालून शरण आणले, हे खरे आहे. पण त्याला जवळजवळ १६ मिनिटे लागली, त्यातला बहुतेक वेळ तो खालीच होता, आणि त्याचे आयुष्य जुजुत्सू या जमिनीवरच्या झुंजीच्या विद्येच्या सरावात गेले होते. मला ही लढत फार आवडते, परंतु ती पाहून जमिनीवर थांबण्याचा बेत कोणी करू नये.

प्रहारांबद्दल थोडक्यात सांगतो. मूठ मारू नये. कवटीचे हाड बोटांमागच्या बारीक हाडांपेक्षा मजबूत असते. त्याच वर्षी यूएफसीतच झालेल्या दुसऱ्या लढतीत सुमारे ९० किलोच्या कीथ हॅकनीने २७० किलोंहून जड असलेल्या इमॅन्युएल यारब्रोला तळहाताच्या फटक्याने खाली पाडले, पण नंतर ठोसे मारताना त्याच्याच हाताचे हाड मोडले. तळहाताची टाच नाकावर, बोटे डोळ्यांवर, कोपर जबड्यावर, लाथ गुडघ्याच्या बाजूवर, असे प्रहार करावेत आणि पकड सोडवण्याच्या कृतीला जोडूनच करावेत. दारूच्या किंवा रागाच्या भरात वेदना उशिरा जाणवते, म्हणून जांघेतली एक लाथ पुरेल या भरवशावर राहू नये.

भारतात कायदा या कृतीच्या बाजूने आहे, परंतु त्याला मर्यादा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिला आहे. कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक असेल त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि जीव जाण्याची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा ॲसिड हल्ल्याची रास्त भीती असल्यास हा हक्क कोठपर्यंत जातो ते कलम ३८ सांगते. व्यवहारात याचा अर्थ असा की धोका संपल्यावर, तो पडला असताना किंवा पळत असताना, त्याला मारत राहिल्यास आपण बचावाच्या बाहेर जातो. गळा दाबला गेला असेल तर बाहेर वळ दिसत नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण आतली सूज आणि रक्तवाहिनीची इजा उशिरा प्रकट होऊ शकते. तोच वैद्यकीय अहवाल तक्रारीला आधार देतो.

सराव आठवड्यातून दोनदा, २० मिनिटे, जोडीदाराबरोबर करावा, आणि जोडीदार शक्यतो आपल्यापेक्षा जड असावा. आरंभी त्याने विरोध करू नये, दुसऱ्या आठवड्यात निम्मा करावा आणि पुढे हळूहळू पूर्ण करावा. गळ्याच्या आणि बोटांच्या सरावात मात्र जोडीदाराने 'पुरे' म्हणून थाप मारली की पहिल्या थापेला थांबण्याचा नियम कडक पाळावा. एका महिन्यात दोन पकडींपेक्षा अधिक घेऊ नयेत. मागची कव आणि जमिनीवरून उठणे या दोन आधी पक्क्या कराव्यात. आपण सुटलो की तालीम संपली असे हल्लेखोराची भूमिका करणाऱ्याने समजू नये, त्याने आठ-दहा पावले खरोखर आपल्या मागे धावावे, म्हणजे हात मोकळा होताच पाय आपोआप उचलले जातात.