संग्रहालयप्रमुखांची व्याख्यानं कशी ऐकावीत

‘मला म्युझियममध्ये काम करायचंय, पण तिथे नक्की काय काम असतं?’ आमच्या शिक्षण विभागात दर महिन्याला कुणी ना कुणी हे विचारायला येतंच. मी लगेच कोर्सची यादी देत नाही. आधी थोडे दिवस व्याख्यानं ऐका, असं सांगते. मुंबईत असाल तर काळा घोडा परिसरात पायी फिरण्याच्या टापूत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय आहे, समोर एनजीएमए म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय दालन, पलीकडे एशियाटिक सोसायटी. भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. पुण्यात भांडारकर संस्था आणि डेक्कन कॉलेज. कुठे प्रवेश फुकट, कुठे थोडे पैसे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून संध्याकाळी सतरंजीवर नाहीतर खुर्चीवर बसून तासभर कुणाचं तरी ऐकणं आपल्याला काही नवीन नाही.

वक्ते साधारण दोन जातींचे असतात. क्युरेटर, म्हणजे संग्रहातल्या वस्तू सांभाळणारे जाणकार, वस्तूवर बोलतात: एखादं लघुचित्र, एखादा ताम्रपट, एखादी शालूची किनार. ही व्याख्यानं गोड लागतात आणि नवख्यांची गर्दीही तिथेच असते. दुसरे म्हणजे संचालक, विश्वस्त, निवृत्त प्रमुख. हे संस्थेवर बोलतात. सुरुवातीला ते कंटाळवाणं वाटेल. पण पुढे पंधरा-वीस वर्षं तुम्ही ज्याच्याशी झुंजणार आहात ते इथेच कळतं, म्हणून माझा आग्रह या दुसऱ्या जातीसाठी आहे.

पहिली चाळीसेक मिनिटं सोडून द्या. उद्घाटनाचे फोटो, रांगेत उभी शाळकरी मुलं, नव्या दालनाची चित्रं. हे सगळं वार्षिक अहवालातही सापडतं. खरा मजकूर प्रश्नोत्तरांत असतो, आणि नेमकी तेव्हाच निम्मी मंडळी लोकल गाठायला उठतात. तुम्ही बसून राहा. लोक पैशांबद्दल, स्टोअरबद्दल (दालनात न मांडलेल्या वस्तूंच्या कोठाराबद्दल) आणि मालकीबद्दल काय विचारतात आणि व्यासपीठावरचा माणूस उत्तर देतो की बगल देतो, ते टिपून ठेवा.

मालकीचा प्रश्न हल्ली हमखास वाघनखांवरून येतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्र सरकारला उसनी दिली आणि जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात ती पाहायला ठेवली गेली. साताऱ्यात इंग्रजांचा अधिकारी असलेल्या जेम्स ग्रँट डफकडून ती विलायतेला गेली. महाराजांनी अफझलखानावर चालवलेली वाघनखं हीच का, याची खात्री करता आलेली नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. आता प्रमुखाच्या खुर्चीत बसून विचार करा. बाहेर रांग लागलीय, लोक पायताण काढून आत येताहेत, आणि काचेखालच्या पाटीवर काय लिहायचं ते तुम्हाला ठरवायचंय.

एका व्याख्यानात यावरून सभागृह तापलं होतं. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, ‘पुरावा मागणारे तुम्ही कोण?’ वक्ते निवृत्त संग्रहालयप्रमुख होते. आवाज न चढवता ते म्हणाले, ‘पाटीवर साठेक शब्द मावतात. त्यात मला पुरावाही बसवायचाय आणि तुमचं मनही दुखवायचं नाही. तुम्ही लिहून आणा, आपण बसून वाचू.’ ते गृहस्थ नंतर चहाच्या टेबलाशी खरोखरच कागद घेऊन आले. संग्रहालय चालवायचं शिकवणाऱ्या संग्रहशास्त्राच्या वर्गात पाटीचा टाइप केवढा असावा हे शिकवतात. हे शिकवत नाहीत.

उसन्या वस्तूंची आणखी एक बाजू व्याख्यानात ओझरती येते, ती पकडा. २०१७ मध्ये मुंबईच्या वास्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासोबत जगाच्या इतिहासाचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. अशा वेळी परदेशाहून आलेली पेटी लगेच फोडत नाहीत. इथल्या हवेशी जुळवून घ्यायला ती निदान एक दिवस तशीच बंद ठेवतात. मग सोबत आलेला त्यांचा माणूस आणि आपला कॉन्झर्वेटर (वस्तूंची जपणूक आणि डागडुजी करणारा) टॉर्च तिरका धरून वस्तूचा इंच न् इंच बघतात, जुना ओरखडा कुठला आणि नवा कुठला ते फोटोशी ताडतात आणि दोघंही सही करतात. एक ओरखडा जास्त निघाला की प्रमुखाचा फोन वाजतो. विमा, करार, कस्टम्स, पोलीस बंदोबस्त, सगळ्यावर सही त्याचीच असते.

उजेडाचंही असंच. लघुचित्रं आणि पैठणीसारखी वस्त्रं साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं माप) मंद उजेडात ठेवतात, नाहीतर रंग उडतात. अभिप्रायाच्या वहीत दर पानावर एक तक्रार असते: ‘दिवे लावा, काही दिसत नाही.’ त्यात मुंबईचा पावसाळा. शोकेसच्या कोपऱ्यात आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणि तळाशी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा ट्रे लपवलेला असतो. पुढच्या वेळी वाकून शोधा.

पैशांच्या बाबतीत भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं उदाहरण मला सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. इमारत १८७२ सालची, मालकी महापालिकेची. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला आणि जीर्णोद्धार होऊन २००८ मध्ये ती पुन्हा खुली झाली. मधेच, २००५ साली, युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. लोक छतावरचं सोनेरी काम बघून हरखतात. मला कौतुक वाटतं ते त्या करारामागच्या चिकाटीचं. पालिकेची फाइल, देणगीदाराची अपेक्षा आणि जाणकारांचा हट्ट, तिघांना एका टेबलावर टिकवून धरणं हेच नेतृत्व. भाषणाला कुणी हा विषय घेत नाही. विचारलं तर मात्र भरभरून बोलतात.

वाघनखांच्या पाटीवर उत्तर देणाऱ्या त्या निवृत्त प्रमुखांना एका मुलीने विचारलं होतं, संचालक व्हायला काय यावं लागतं? ‘टेंडर वाचता यायला हवं.’ सगळे हसले. ते हसले नाहीत.

स्टोअरचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. विचाराच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात २०,०००हून अधिक वस्तू आहेत, दालनांत त्यातल्या थोड्याच मावतात. बाकीच्यांची नोंद, जागा, वाळवीपासून बचाव, हे न दिसणारं काम. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २,००० वस्तू चोरीला गेल्याचं, हरवल्याचं किंवा त्यांची मोडतोड झाल्याचं उघड झालं आणि संचालकांना पद सोडावं लागलं. त्यातल्या बऱ्याच वस्तूंची धड नोंदच नव्हती. त्यामुळे कुणी प्रमुख ‘आमच्या नोंदवह्या डिजिटल करतोय’ असं रटाळ वाक्य बोलला की कान टवकारा. मी अशा माणसाकडे आनंदाने नोकरी केली असती.

तुम्ही स्वतः काय विचारावं? ‘तुमची आवडती वस्तू कोणती’ हे नको, त्याचं उत्तर पाठ असतं. ‘गेल्या वर्षी कोणत्या खर्चाला नाही म्हणावं लागलं?’ हे विचारून बघा. आणि मुंबईतली सभागृहं इंग्रजाळलेली असली तरी प्रश्न मराठीत विचारायला लाजू नका. सरकारी आणि पालिकेच्या संग्रहालयांत टिपणी मराठीत लिहितात, शाळांच्या सहली मराठीत फिरवाव्या लागतात, गावच्या सरपंचाशी सापडलेल्या मूर्तीबद्दल मराठीतच बोलावं लागतं. चांगलं मराठी येणारा संग्रहालयतज्ज्ञ शोधूनही मिळत नाही.

कोर्सचं थोडक्यात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातला संग्रहशास्त्राचा विभाग १९५२ पासूनचा. मुंबईच्या वास्तुसंग्रहालयाचा स्वतःचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था आता नव्या नावाने नोएडात आहे. इतिहास, पुरातत्त्व, रसायनशास्त्र, कॉमर्स, कुठूनही आलात तरी जागा सापडते; रसायनवाल्यांना कॉन्झर्वेशनमध्ये जरा जास्तच. सरकारी जाहिरातीची वाट बघत बसू नका, दरम्यान स्वयंसेवक म्हणून एखाद्या दालनात उभे राहा.

आणि फक्त मुंबई-पुणं धरून बसू नका. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चा आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेल्या वस्तूंत रविवर्म्याची चित्रं आहेत आणि चक्क इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पही. अशा ठिकाणी व्याख्यानं क्वचित होतात, पण अभिरक्षकाला, म्हणजे क्युरेटरला, वेळ असतो. १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. त्या आठवड्यात कार्यक्रम असतात, शाळांना सुट्टी असते, आणि आदल्या दिवशी फोन करून ठेवलात तर स्टोअर दाखवण्याची विनंतीही करता येते.