कॅम्पसवरच्या झाडांची किंमत काढताय? या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला की बडोद्यातल्या कॉलेजांना झाडांची आठवण होते. मग मोजणी, तक्ते, प्रोजेक्ट. आणि दर वर्षी त्याच चुका.

सगळ्यांचा लाडका शॉर्टकट म्हणजे झाडं मोजायची आणि पंधरा लाखांनी गुणायचं. हा आकडा कलकत्ता विद्यापीठाच्या टी. एम. दास यांचा, १९७९ सालचा. मध्यम आकाराचं झाड ५० वर्षांत प्राणवायू, माती, पाणी वगैरे मिळून जे देतं त्याची किंमत त्यांनी १५ लाख ७० हजार रुपये धरली. पन्नास वर्षांची! ती परवा लावलेल्या रोपाला कशी चिकटवता? सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञ समितीनं २०२१ मध्ये वर्षाला ७४,५०० रुपये गुणिले वय असा हिशेब मांडला. त्यात निदान वय तरी आहे.

‘एक तोडा, दहा लावा’ हे त्याचंच भावंड. खोडाच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गानं वाढतं. २०० सेंमी घेराच्या एका कडुनिंबाची बरोबरी करायला ५ सेंमी घेराची १,६०० रोपं लागतील, तीही सगळी जगली तर. दहा लावून फोटो काढणाऱ्यांना हे सांगितलं की तोंडं पडतात.

दुसरी चूक टेपची. घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. एका कॅम्पसवर (नाव नको) पार्किंगजवळच्या कडुनिंबाचा घेर पहिल्या वर्षी मुळांच्या फुगवट्यावर घेतला, कारण पोरं आरामात उकिडवी बसली होती. पुढच्या बॅचनं बरोबर उंचीवर घेतला. कागदावर झाड वर्षात अर्ध्या मीटरहून जास्त बारीक झालं! पार्किंग वाढवायला टपलेल्यांनी लगेच धोशा लावला, ‘आतून पोकळ होतंय, काढून टाका.’ दोन्ही ठिकाणी पुन्हा टेप लावून दाखवली तेव्हा झाड वाचलं. मी १.३७ मीटरची काठीच बाळगतो. पालापाचोळा सारून ती मातीवर टेकवायची. अंदाजपंचे ‘छातीएवढं’ चालणार नाही, प्रत्येकाची छाती वेगळ्या उंचीवर असते. वडाच्या पारंब्या टेपमध्ये गुंडाळू नका. खाली दुभंगलेल्या झाडाची खोडं वेगवेगळी मोजा.

बाकीच्या भराभर सांगतो. तोरणाला लावतात तो आसोपालव, सीतेचा अशोक नव्हे. झाड ओळखणाऱ्या ॲपच्या भरवशावर राहू नका, पान हातात घ्या. पानगळीत सावली मोजून ‘सावली नाही’ लिहू नका. बुंध्याला टेकून पेव्हर ब्लॉक बसवलेले दिसले तर शेऱ्यात लिहाच; मीटरभर माती उघडी हवी.

आणि तो कोनोकार्पस, झपाट्यानं वाढणारं परदेशी झाड. दोन-तीन वर्षांत हिरवी भिंत हवी म्हणून ज्यांना धीर नव्हता त्यांनी रांगा लावल्या, २०२३ मध्ये गुजरात सरकारला त्याच्या लागवडीवर बंदी घालावी लागली. तक्त्यात त्याला वेगळी ओळ द्या. कडुनिंबाच्या बेरजेत मिसळून आकडा फुगवलात, तर तो तक्ता मी तरी तपासणार नाही.