पंखवाल्या घोड्याचं ग्रीक नाणं कुठल्या टाकसाळीचं?

एका बाजूला पंखवाला घोडा, दुसरीकडे शिरस्त्राण घातलेली ग्रीक देवी अथेना, वजन साडेआठ ग्रॅमच्या आसपास. असं चांदीचं नाणं दिसलं की सरसकट ‘कॉरिंथ’ या ग्रीक शहराचं म्हणून मोकळे होऊ नका. ल्यूकास, अँब्राशिया अशा कॉरिंथच्या वसाहतींनीही हीच नाणी पाडली.

१. टॉर्च जवळजवळ आडवा धरून भिंगातून घोड्याच्या पोटाखालचं अक्षर बघा.
२. गोल आणि त्याखाली उभी दांडी: कॉरिंथ. उलटा ‘व्ही’: ल्यूकास. त्यातच आडवी रेघ: अँब्राशिया.

गफलत होते ती शेवटच्या दोघांत. झीज झाली की आडवी रेघ पुसली जाते आणि अँब्राशियाचं नाणं ल्यूकासच्या खात्यात जमा होतं. अक्षराच्या दोन्ही पायांमधली जागा प्रकाश फिरवून तपासा.

अथेनाच्या डोक्यामागचं छोटं चित्र बहुतेकदा नाणी पाडण्याच्या त्या खेपेची खूण असते. त्यावरून गाव ठरवू नका.