शेअर्ड मेमरी वापरताना या चुका टाळा

लिनक्सवरील दोन स्वतंत्र प्रोग्रामना एकच माहिती वेगाने वापरायची असेल, तर शेअर्ड मेमरीसारखा मार्ग नाही, कारण एकाने लिहिलेले दुसऱ्याला कॉपी न करता तिथेच वाचता येते. मात्र पाइप किंवा सॉकेट हे माहिती पाठवण्याचे नेहमीचे मार्ग वापरताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जी शिस्त राखतो, ती इथे आपल्यालाच राखावी लागते, आणि वीस ओळींचा नमुना उचलून कामाला लागणारे घाईचे नवशिके नेमके हेच विसरतात.

सर्वाधिक छळणारी चूक म्हणजे ‘व्होलटाइल’वर, म्हणजे ‘हे मूल्य प्रत्येक वेळी मेमरीतूनच वाच’ असे कंपायलरला सांगणाऱ्या शब्दावर, ठेवलेला भरवसा. एका कारखान्यासाठी आम्ही केलेल्या यंत्रणेत एक प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) भट्टीचे तापमान आणि वेळ लिहून ‘तयार’ हा व्होलटाइल फ्लॅग (खुणेचा आकडा) १ करीत असे, व दुसरी ते वाचून तो ० करीत असे. इंटेलच्या संगणकावर हे वर्षभर विनातक्रार चालले. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डावर नेल्यावर मात्र दिवसातून दोन-तीनदा नव्या वेळेसमोर जुने तापमान दिसू लागले. आम्ही सेन्सर बदलला, केबल बदलल्या आणि दोन आठवडे घालवले. इंटेलचा, म्हणजे एक्स-८६, प्रोसेसर एका कोअरने केलेल्या लेखनाचा क्रम इतर कोअरना तसाच दाखवतो. एआरएम तशी हमी देत नाही, त्यामुळे फ्लॅग आधी दिसत होता आणि तापमान मागाहून. फ्लॅग अॅटॉमिक करून दोन्ही बाजूंनी तो लिहिताना ‘रिलीज’ व वाचताना ‘अॅक्वायर’ क्रम दिल्यावर, म्हणजे फ्लॅगआधीचे लेखन फ्लॅगसोबत दिसेलच अशी हमी घेतल्यावर, दोष गेला. तेव्हापासून असा कोणताही कोड एआरएमवर चालवल्याशिवाय मी पुढे पाठवत नाही. दोन ओळींमध्ये ‘स्लीप’ (थोडे थांबण्याची आज्ञा) घालून वेळ मारून नेण्याचा उपाय तर मी तपासणीत सरळ नाकारतो. त्याने दोष जात नाही, फक्त क्वचित दिसू लागतो.

दुसरी चूक पॉइंटरची, म्हणजे मेमरीतला पत्ता साठवण्याची. मेमरीचा तोच तुकडा प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळ्या पत्त्यावर येऊ शकतो. फोर्कने, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून, जन्मलेल्या प्रोसेसमध्ये पत्ता तोच राहतो, म्हणून चाचणी पार पडते आणि स्वतंत्रपणे सुरू केलेला प्रोग्राम कोसळतो. तुकड्याच्या सुरुवातीपासूनचे अंतर, म्हणजे ऑफसेट, साठवा. सी++ मधील नेहमीची स्ट्रिंग आणि व्हेक्टर आत ठेवू नका, कारण त्यांच्या पोटातही पॉइंटरच असतात.

म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप, ‘प्रोसेस-शेअर्ड’ (वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालणारा) तर हवाच, शिवाय ‘रोबस्ट’ही (धारक मेल्याचे पुढच्याला कळवणारा) हवा, नाहीतर लॉक हातात असताना एक प्रोसेस मेली, की दुसरी कायमची अडकते.

डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, या मेमरीची मर्यादा मुळात ६४ एमबी असते. एफट्रंकेटने (आकार ठरवणाऱ्या फंक्शनने) मोठा आकार मागितला तरी तो मिळाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्ष लिहिताना सिगबस हा मेमरी-दोषाचा सिग्नल येऊन प्रोग्राम मरतो. त्यामुळे मी सुरुवातीलाच पॉझिक्स-फॅलोकेट या फंक्शनने जागा पक्की करतो.

काम संपल्यावर अनलिंक करा, म्हणजे तुकड्याचे नाव काढून टाका, अन्यथा सर्व प्रोग्राम बंद झाले तरी तो तुकडा रीबूट होईपर्यंत ‘/डेव्ह/एसएचएम’मध्ये रॅम अडवून बसतो.