दुखतं कुठे तेवढं सांगा: लेखनगटात अभिप्राय कसा द्यावा, कसा घ्यावा

गटात कथा टाकली. संध्याकाळपर्यंत अकरा अंगठे, चार ‘मस्त’, दोन पुष्पगुच्छ आणि एक ‘शेवट पटला नाही, मी असतो तर नायिकेला घरी परत पाठवलं असतं’. एकूण अठरा प्रतिक्रिया. दुसरा खर्डा लिहायला बसले तेव्हा त्यातली एकही कामाला आली नाही. सतरा जणांना काहीतरी आवडलं होतं, पण काय ते कळलं नाही. अठराव्याने टीका केली होती खरी, पण ती माझ्या कथेवर नव्हतीच. त्याच्या डोक्यात दुसरीच कथा होती आणि ती मी लिहिली नाही ही त्याची तक्रार होती.

ऑनलाइन लेखनगटांत बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. अभिप्राय देणारा वाचक हा पेशंट असतो. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय एवढं त्याने नीट सांगावं. निदान आणि औषध हे लेखकाचं काम. बहुतेक गटांत मात्र जो तो औषधाची चिठ्ठी लिहून देतो आणि दुखणं कुणीच सांगत नाही.

पहिली पायरी: मागताना नीट मागा

‘कसं वाटलं?’ असं विचारलंत की ‘छान’ असंच उत्तर येणार. खर्डा कितवा आहे ते सांगा, शब्दसंख्या सांगा आणि दोन-तीन नेमके प्रश्न द्या. ‘भाऊ खोटं बोलतोय हे तुम्हाला कुठे कळलं?’, ‘वाचायचं थांबावं असं कुठे वाटलं?’ अशा धाटणीचे. एका वेळी दीड-दोन हजार शब्दांहून जास्त टाकू नका. त्यापुढे मोबाइलवर वाचणारा चाळायला लागतो, आणि चाळून दिलेल्या अभिप्रायावर खर्डा बदलण्यात अर्थ नाही.

‘घाईत लिहिलंय, सांभाळून घ्या’ अशी आगाऊ माफी मागू नका. ती वाचली की लोक खरं बोलायला कचरतात. कथेत काय म्हणायचं होतं याचा खुलासाही नको. खुलासा आधी वाचलेला माणूस तुमच्या उपयोगाचा उरत नाही, कारण मजकुरात नसलेलंही त्याला दिसायला लागतं.

दुसरी पायरी: दोनदा वाचा

आता बाजू बदलू. खर्डा दुसऱ्याचा आहे आणि अभिप्राय तुम्हाला द्यायचा आहे.

पहिलं वाचन साध्या वाचकासारखं करा, कमेंटच्या चौकटीला हातही न लावता. दुसऱ्या वाचनात खुणा करा. हसू कुठे आलं, कोणती ओळ दोनदा वाचावी लागली, नजर कुठून पुढच्या परिच्छेदावर घसरली, हे पात्र कोण ते बघायला कुठे मागे जावं लागलं. अमेरिकेतले लेखन-शिक्षक पीटर एल्बो यांनी १९७३ साली, शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनगटांसाठी, हेच सुचवलं होतं: वाचताना तुमच्या मनात जो चित्रपट चालला तो लेखकाला दाखवा. ‘मला साहित्यातलं फारसं कळत नाही’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. पोट दुखतंय हे सांगायला वैद्यकीची पदवी लागत नाही.

आपला अभिप्राय लिहून होईपर्यंत इतरांचे वाचू नका. पहिल्याने ‘संथ आहे’ म्हटलं की पुढच्या पाच जणांनाही कथा संथ वाटू लागते.

तिसरी पायरी: जागा दाखवा, काय झालं ते सांगा

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. समजा, खर्ड्यात असा मजकूर आहे:

‘वडिलांचं घड्याळ तिने कपाटातून काढलं. ते बंद होतं. तिला खूप वाईट वाटलं. आयुष्यही असंच थांबतं, तिच्या मनात आलं.’

त्यावर तीन अभिप्राय आले. पहिला: ‘फार गुळगुळीत झालंय.’ दुसरा: ‘शेवटची दोन वाक्यं काढा आणि घड्याळाऐवजी चष्मा घ्या.’ तिसरा: ‘“ते बंद होतं” इथे मी थबकले, गलबलून आलं. पुढच्या दोन वाक्यांत तेच मला पुन्हा समजावून सांगितलंय असं वाटलं आणि मन उडालं. हे घड्याळ आधी कथेत आलं होतं का, तेही आठवेना.’

पहिला अभिप्राय खरा असेलही, पण लेखिकेने त्याचं करायचं काय? दुसरा निम्मा बरोबर आहे, पण चष्मा कुठून आला हे देव जाणे. तिसऱ्यात जागा आहे, वाचणारीचं काय झालं ते आहे आणि जाता जाता एक धागाही आहे. दोन वाक्यं उडवायची, की घड्याळ आधीच्या एखाद्या प्रसंगात आणायचं, की दोन्ही करायचं, हे आता लेखिका ठरवेल. आणखी एक बघा. या तिसऱ्या अभिप्रायात कौतुकही आहे, आणि त्याला पत्ता आहे. पत्ता नसला की दुसऱ्या खर्ड्यात लेखक नेमकं चांगलं वाक्यच कापून टाकतो. मी स्वतः हे केलेलं आहे.

आधी गोड, मग कडू, शेवटी पुन्हा गोड अशी जी शिष्टाचाराची मांडणी सांगतात ती मला पटत नाही. समोरचा चार दिवसांत सरावतो आणि पहिलं गोड वाक्य वाचतानाच ‘पण’ची वाट बघू लागतो.

आधी मोठं बोला: कथा कोण सांगतंय, पात्र असं का वागतं, कुठे ताणलंय. मग वाक्यं. ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी, आणि पहिल्या खर्ड्यात तर नकोच. जो परिच्छेद उद्या उडणार आहे त्याच्या वेलांट्या दुरुस्त करून कुणाचं भलं होणार?

मत द्यायचंच असेल तर परवानगी घेऊन द्या. लिझ लर्मन या अमेरिकी नृत्यदिग्दर्शिकेने १९९० साली चार टप्प्यांची एक पद्धत बसवली. आधी बघणाऱ्यांनी काय भिडलं ते सांगायचं, मग कलाकाराने प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यांनी मत न मिसळलेले प्रश्न विचारायचे, आणि मतं सर्वांत शेवटी, तीही ‘याबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?’ असं विचारून. नको म्हणायची मुभा असते. पद्धत नाचासाठी निघाली, पण लेखनालाही चपखल बसते. अवघड जातो तो तिसरा टप्पा. ‘शेवट इतका गुळमुळीत का केलात?’ हा प्रश्न नाही, प्रश्नचिन्ह लावलेलं मत आहे. ‘शेवटी वाचणाऱ्याच्या मनात काय राहावं असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्न.

आणि उपरोध टाळा. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, ईमेलमधलं वाक्य गंभीर आहे की उपरोधाने लिहिलंय हे समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळलं ते ५६ टक्के वेळा. नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं! गटात समोरासमोर बसून हसत म्हटलेलं ‘वा, काय शेवट केलाय’ स्क्रीनवर टोचतं.

औषध कधीच सांगू नये का? सांगावं, मागितलं तर. टी. एस. एलियट या कवीने १९२२च्या सुरुवातीला आपल्या ‘द वेस्ट लँड’ या दीर्घ कवितेचा खर्डा एझरा पाउंड या दुसऱ्या कवीपुढे ठेवला तेव्हा पाउंडने पानंच्या पानं कापली आणि कविता जवळपास निम्मी झाली. पण ते दोघं १९१४पासूनचे मित्र होते आणि खर्डा एलियटने आपणहून पुढे केला होता. परवा गटात आलेल्या माणसाच्या कवितेवर कात्री चालवायला आपण पाउंड नाही.

चौथी पायरी: घेताना गप्प बसा, निदान पहिला दिवस

अमेरिकेत १९५६ साली सुरू झालेल्या मिलफर्डच्या लेखक-शिबिरावरून एक रीत रूढ झाली: सगळे एकामागून एक बोलतात, लेखक तोंड उघडत नाही, आणि सगळ्यांचं झाल्यावर त्याची पाळी येते. या मौनावर आक्षेपही आहेत, आणि ते रास्त आहेत. ज्याच्या कथेतलं जग गटातल्या कुणालाच ठाऊक नाही, त्याने चुकीचं वाचन मुकाट ऐकत बसायचं हा छळच. तरी पहिल्या दिवसापुरतं मौन मी पाळते. ‘मिळालं, वाचते आहे, आभारी आहे’ एवढंच लिहायचं. रात्री साडेअकराला लिहिलेलं चारशे शब्दांचं स्पष्टीकरण सकाळी फार केविलवाणं दिसतं.

दुसऱ्या दिवशी कागदावर तीन रकाने आखा: जागा, तक्रार, सुचवलेला उपाय. सगळे अभिप्राय त्यात भरा. मग तिसऱ्या रकान्यावर सरळ काट मारा.

उरलेल्या दोन रकान्यांत बघायचं ते एवढंच, की एकाच जागेपाशी किती जण अडखळले. कारणं वेगवेगळी असली तरी चालतील. माझ्या एका कथेत बहीण-भावाच्या भांडणापाशी पाच जण अडले. कुणी म्हणालं संवाद नाटकी आहेत, कुणी म्हणालं भांडण लांबलंय, एकाला ते तोकडं वाटलं, एकीला भाऊच आवडला नाही. पाचवीने ‘इथे काहीतरी खटकलं’ एवढंच लिहिलं. मी दोन आठवडे संवाद घासत बसले. दोष तिथे नव्हताच. बहिणीने घर विकलंय हे भावाला आधीच ठाऊक आहे, ही गोष्ट पहिल्या प्रसंगात सांगायचीच राहिली होती, त्यामुळे त्याचा संताप कुठूनतरी टपकल्यासारखा वाटत होता. तिथे दोन ओळी घातल्या आणि भांडणाला हातही लावावा लागला नाही. पाचही जणांचं दुखणं खरं होतं. त्यातल्या चौघांचं निदान चुकलं होतं, आणि जिने निदान केलंच नव्हतं तिचा अभिप्राय मी सगळ्यात कमी मनावर घेतला होता.

जिथे एकटाच अडला ती जागा सोडून द्यायला हरकत नाही. अपवाद एक: तो अभिप्राय वाचताना मनात ‘सापडलो’ असं झालं तर. कुणी लेखन सोडून लेखकावर घसरलं तर उत्तर देऊ नका, गट चालवणाऱ्याला कळवा आणि पुढे चला.

पाचवी पायरी: दुसरा खर्डा

दुसरा खर्डा टाकताना काय काय बदललं याची यादी देऊ नका. यादी दिली की लोक कथा वाचत नाहीत, डागडुजी तपासतात. ज्यांनी पहिला खर्डा वाचलाय त्यांना तसंही घर विकल्याचं आधीच ठाऊक असतं, मग ते कथेत नीट आलंय की नाही हे त्यांना कसं कळणार? म्हणून गटातल्या एका-दोघांना सुरुवातीलाच सांगून ठेवा: या वेळी वाचू नका, पुढच्या खर्ड्याला तुमची गरज आहे.