दारातला देवकापूस
वातींसाठी घरचा कापूस हवा असेल तर देवकापूस लावा. शेतातली कपाशी हंगामापुरती असते, हे झाड मात्र काही वर्षं टिकतं. सरकीला बारीक लव चिकटलेली असते, पाणी लवकर आत जात नाही. म्हणून ती शेणकाल्यात चोळून घ्या, रात्रभर भिजवा आणि जूनमध्ये इंचभर खोल पेरा. कुंडी 15 इंची तरी हवी, तळाची भोकं मोकळी. कपाशीला साचलेलं पाणी सोसत नाही, पात्या (म्हणजे कळ्या) आणि फुलं गळून पडतात. ऊन रोज सहा तास तरी द्या.

कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि पिठ्या ढेकूण हमखास येतात, तेव्हा पानं उलटून बघत जा. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा.

बोंड घाईने फोडू नका, आतला कापूस ओला निघतो. ते आपणहून उकलून कापूस लोंबू लागला, की दव सुकल्यावर वेचा. मग निवांत बसून बोटांनी सरकी सोडवायची. देवकापसाची सरकी हाताने सहज निघते, आणि चार बोंडांत आठवड्याच्या फुलवाती होतात. चांगल्या बोंडांतली सरकी पुढच्या जूनसाठी कोरड्या डबीत ठेवा.